पुढची चाके, डिझेलचा जोर आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा भरवसा

आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या दारात गेल्या दहा-पंधरा वर्षांत चारचाकी आली. बहुतेक घरांत ती पहिलीच. शिक्षक, परिचारिका, पोलीस शिपाई, एस.टी.चे वाहक, शेंद्र्याच्या कारखान्यांतील कामगार अशा नोकऱ्यांतून साठवलेल्या पैशांवर आणि पतसंस्थेच्या कर्जावर ती घेतलेली असते, आणि पुष्कळदा ती दुसऱ्याने वापरून सोडलेली असते. अशा गाडीचा गिअरबॉक्स निकामी झाला आणि दुरुस्तीचा आकडा लाखाच्या पुढे गेला, म्हणजे केवळ गाडी अडत नाही; लेकीचे महाविद्यालयाचे शुल्क अडते, घराचा अर्धवट स्लॅब अडतो. म्हणून स्मरणिकेत गिअरबॉक्ससारखा विषय आणि तोही इतिहासाच्या शिक्षकाने मांडावा, यात वावगे काही नाही असे मी मानतो.

हल्ली एक प्रश्न वारंवार कानी येतो. पन्नाशी उलटली, गुडघे कुरकुरतात, क्लच दाबवत नाही. रोजचे अंतर मोठे म्हणून डिझेल हवे. तर डिझेल ऑटोमॅटिक घ्यावी काय? याला दोन तयार उत्तरे मिळतात. गल्लीतला मिस्त्री म्हणतो, "ऑटोमॅटिकच्या नादी लागू नका, टिकत नाही." गाडी विकणारा म्हणतो, "काही होत नाही, डोळे झाकून घ्या." दोन्ही उत्तरे एकाच कारणाने फसवी आहेत. 'ऑटोमॅटिक' ही एक वस्तू नाही. रचनेने एकमेकांशी काहीही नाते नसलेल्या चार यंत्रांना आपण एकाच नावाने हाक मारतो. त्यांपैकी कोणते यंत्र, किती जोराच्या इंजिनाला जोडले आहे आणि त्यातील तेलाचे काय झाले आहे, या तीन गोष्टी कळल्याशिवाय टिकाऊपणाबद्दल बोलणे म्हणजे गावाचे नाव न सांगता पाऊस कसा झाला हे विचारण्यासारखे आहे.

प्रथम पुढच्या चाकांचा मुद्दा. आपल्या पिढीने पाहिलेल्या अँबॅसेडर आणि मुंबईत कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनी या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या. इंजिन लांबीच्या दिशेने ठेवलेले, त्यामागे गिअरबॉक्स, तेथून मागच्या चाकांपर्यंत लांब दांडा. बोलेरो, स्कॉर्पिओ, डिझेल इनोव्हा यांची मांडणी मूलतः तीच. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि सर्वसामान्य भारतीय घरात पुढची चाके ओढणारी गाडी पोहोचली. १९९८ मध्ये टाटांनी पुण्यात घडवलेली इंडिका याच मांडणीत डिझेल इंजिन घेऊन आली. आपल्या भागातील भाड्याच्या गाड्यांचा चेहराच तिने बदलला. या मांडणीत इंजिन आडवे बसते, गिअरबॉक्स त्याच्या शेजारी बसतो आणि चाकांना वेग वाटून देणारा डिफरन्शियलही त्याच कवचात सामावतो. युरोपात १९५९ च्या मिनी गाडीत तर गिअरबॉक्स इंजिनाच्या तळाशी, इंजिनाच्याच तेलात ठेवला होता. इंजिन आणि गिअरबॉक्स आडव्या रेषेत शेजारी ठेवण्याची, आज सर्वत्र दिसणारी रीत फियाटचे अभियंते दान्ते जकोसा यांनी १९६४ च्या ऑटोबियांकी प्रिमुला या गाडीत आणली.

या रचनेने गाडीत बसायची जागा वाढली आणि किंमत उतरली. पण गिअरबॉक्सला मात्र दोन चाकांच्या मधल्या रुंदीत, इंजिनाला चिकटून, अंग चोरून बसावे लागले. इनोव्हासारख्या गाडीत गिअरबॉक्स लांबीला मोकळा असतो, खालून वारा लागतो. आडव्या इंजिनाशेजारी ना लांबी, ना वारा. त्यामुळे "अमक्याची इनोव्हा ऑटोमॅटिक तीन लाख किलोमीटर चालली" हा पुरावा पुढची चाके ओढणाऱ्या गाडीला लागू होत नाही. ते वेगळे कुळ आहे.

दुसरा मुद्दा डिझेलच्या जोराचा. इंजिन दांडा किती ताकदीने पिळते त्याला टॉर्क म्हणतात आणि तो न्यूटन मीटरमध्ये मोजतात. २०१७ ची डिझायर घ्या. पेट्रोल इंजिनाचा टॉर्क सुमारे ११३ न्यूटन मीटर, त्याच गाडीच्या डिझेल इंजिनाचा १९०. शिवाय डिझेलचा हा जोर इंजिन फारसे तापलेले, ओरडलेले नसतानाच, सुमारे २००० फेऱ्यांना येतो आणि धक्क्याधक्क्याने येतो. पेट्रोल गाडीत निवांत चालणारा गिअरबॉक्स डिझेलच्या शेजारी बसवला तर त्याला जवळपास दीडपट-दुप्पट पीळ सोसावा लागतो. प्रत्येक गिअरबॉक्सची पीळ सोसण्याची एक मर्यादा कारखान्यातच ठरलेली असते. इंजिनाचा जोर आणि गिअरबॉक्सची मर्यादा यांतले अंतर हे टिकाऊपणाचे पहिले माप. जाहिरातीत ते कधी छापले जात नाही.

आता ती चार यंत्रे.

सर्वांत जुने टॉर्क कन्व्हर्टरचे. विजेचे दोन पंखे समोरासमोर ठेवून एकच चालू केला तर त्याच्या वाऱ्याने दुसरा बंद पंखाही हळूहळू फिरू लागतो. हवेच्या जागी तेल घाला, दोन्ही पंखे एका बंद डब्यात ठेवा, मध्ये तेलाचा प्रवाह वळवणारे तिसरे चाक बसवा, की टॉर्क कन्व्हर्टर झाला. जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर यांनी १९०५ मध्ये ही कल्पना जहाजांसाठी मांडली. मोटारीत तेलाच्या जोडाने चालणारा पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स अमेरिकेत जनरल मोटर्सने १९३९ मध्ये ओल्ड्समोबिलला दिला. तोच पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी रणगाड्यांतही बसवला गेला, हे "ऑटोमॅटिक म्हणजे नाजूक" म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. या प्रकारात गाडी निघताना घासण्याचे काम तेल करते. तेल तापते, पण झिजत नाही. तापलेले तेल थंड करून पुन्हा आत सोडता येते. इंजिन आणि चाके यांच्यामध्ये घन असे काही घासत नसल्याने डिझेलचे धक्के हा प्रकार शांतपणे पचवतो. थोडे इंधन जास्त जाते, हा त्याचा दोष; आता तोही बराच कमी झाला आहे.

पुढची चाके ओढणाऱ्या आपल्याकडच्या मोठ्या डिझेल गाड्यांनी बहुतांशी हाच मार्ग धरला. चाकणला बनणाऱ्या महिंद्रा एक्सयूव्ही ५०० ला २०१५ मध्ये जपानच्या आयसिन कंपनीचा सहा गिअरांचा असा गिअरबॉक्स मिळाला. पिंपरीच्या टाटा हॅरिअरला २०२० मध्ये ह्युंदाईकडून घेतलेला सहा गिअरांचा मिळाला. तिच्या इंजिनाचा टॉर्क ३५० न्यूटन मीटर आहे. आपल्या जिल्ह्यात भरपूर दिसणाऱ्या ह्युंदाई क्रेटाच्या डिझेल ऑटोमॅटिकमध्येही हाच प्रकार. येथे एक गंमत सांगितली पाहिजे. २०२० च्या क्रेटात डिझेलला टॉर्क कन्व्हर्टर, साध्या पेट्रोलला पट्ट्याचा आणि टर्बो पेट्रोलला दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स होता. एकच नाव, एकच आकार, आत तीन निराळी यंत्रे. "क्रेटा ऑटोमॅटिक कशी आहे?" या प्रश्नाला म्हणूनच उत्तर नाही.

दुसरे यंत्र दुहेरी क्लचचे, आणि या लेखाचा खरा इतिहास येथे आहे. यात एका क्लचवर पहिला, तिसरा, पाचवा, सातवा असे विषम गिअर असतात आणि दुसऱ्यावर सम. गाडी तिसऱ्यात धावत असतानाच चौथा तयार ठेवलेला असतो. एक क्लच सुटतो, दुसरा धरतो, गिअर पडल्याचे कळतही नाही. फ्रेंच अभियंता आदोल्फ केग्रेस यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर हे सुचवले होते. पण दोन क्लचांचा ताळमेळ क्षणार्धात साधणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा तेव्हा नव्हती. २००३ मध्ये फोक्सवॅगनने हा गिअरबॉक्स मोठ्या प्रमाणावर बाजारात आणला.

याचे मराठवाड्याशी थेट नाते आहे. स्कोडा कंपनीने औरंगाबाद, आताच्या छत्रपती संभाजीनगर, शहराजवळ शेंद्रा औद्योगिक वसाहतीत २००१ मध्ये कारखाना सुरू केला. तेथे जोडल्या जाणाऱ्या स्कोडा लॉरा या गाडीत १.९ लिटरचे डिझेल इंजिन आणि सहा गिअरांचा दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स मिळे. पुढची चाके, डिझेल आणि ऑटोमॅटिक हा आपला विषय आपल्याच विभागातील मजुरांच्या हातांनी तेव्हा जोडला जात होता. या गिअरबॉक्समधील दोन्ही क्लच तेलात बुडालेले असतात, म्हणून त्याला ओला म्हणतात. त्याची मर्यादा ३५० न्यूटन मीटर आणि लॉराच्या त्या इंजिनाचा टॉर्क २५०. म्हणजे १०० न्यूटन मीटरची मोकळीक. तेल दर ६० हजार किलोमीटरला बदलायचे, अशी कंपनीची स्पष्ट सूचना. ज्यांनी ती पाळली त्यांच्या गाड्या सामान्यतः चालल्या. ज्यांनी खर्च वाचवायला किंवा ठाऊक नसल्यामुळे टाळली, त्यांना गिअर बदलणारा इलेक्ट्रॉनिक-द्रवचालित भाग, ज्याला मेकाट्रॉनिक म्हणतात, महागात पडला.

२००८ मध्ये कंपनीने दुसरा, सात गिअरांचा गिअरबॉक्स आणला. तो हलका, स्वस्त आणि इंधन वाचवणारा. पण क्लच कोरडे आणि मर्यादा २५० न्यूटन मीटर. भारतात २०१४ मध्ये तो चाकणच्या कारखान्यातील फोक्सवॅगन व्हेंटो आणि स्कोडा रॅपिड यांच्या १.५ लिटर डिझेल इंजिनांना जोडला गेला. त्या इंजिनाचा टॉर्क किती? बरोबर २५०. लॉराच्या इंजिनाइतकाच जोर, पण येथे मोकळीक शून्य. आकडे नियमात बसतात, यात शंका नाही. पोत्याची शिवण ५० किलोची असेल आणि आपण ५० किलोच भरले तर तीही चूक नव्हे. मात्र ते पोते रोज उचलले-टाकले की शिवण आधी कोणाची उसवेल, हे सांगायला अभियंता लागत नाही.

याच कोरड्या गिअरबॉक्सने जगभर कंपनीला त्रास दिला. चीनमध्ये तक्रारी इतक्या वाढल्या, की २०१२ मध्ये तेथे हमी १० वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरपर्यंत वाढवावी लागली आणि मार्च २०१३ मध्ये सुमारे ३ लाख ८४ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात कंपनीने जगभरातील सुमारे १६ लाख गाड्यांमधील या गिअरबॉक्सचे कृत्रिम तेल काढून खनिज तेल भरायचे ठरवले. कारण बोलके आहे: उष्ण, दमट हवेत थांबत-थांबत चालवताना त्या तेलामुळे गिअरबॉक्सच्या वीजपुरवठ्यात बिघाड होऊन गाडीची ओढच जाऊ शकत होती. थंड हवेच्या युरोपात रूळलेले यंत्र आशियातील शहरांच्या उन्हात आणि गर्दीत कोलमडले. व्हेंटो-रॅपिड आपल्याकडे यानंतर आल्या, त्यामुळे तो तेलाचा दोष त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. शून्य मोकळीक आणि कोरडे क्लच मात्र त्यांच्याकडे राहिलेच. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले, तेव्हा स्कोडा-फोक्सवॅगनने भारतात डिझेल बंद केले; म्हणून या गाड्या आता फक्त जुन्या बाजारात भेटतात, आणि नेमका तोच आपला बाजार आहे. दिल्लीत १० वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने बंदी आणली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती उचलून धरली. तिकडच्या अशा गाड्या मग इतर राज्यांत स्वस्तात विकल्या जातात. स्वस्त दिसणाऱ्या डिझेल ऑटोमॅटिकमागे हाही एक रस्ता असतो.

दुहेरी क्लच आणि डिझेल ही जोडी संपलेली नाही; २०२४ मध्ये टाटांच्या कर्व्हने ती पुन्हा आणली. तिच्याबद्दल मत बनवायला अजून किलोमीटर पडायचे आहेत.

तिसरे यंत्र ए.एम.टी. खरे तर तो साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच. फक्त चालकाच्या डाव्या पायाचे आणि डाव्या हाताचे काम मोटर किंवा तेलाच्या दाबावर चालणारे उपकरण करते. मारुतीने २०१४ मध्ये पेट्रोल सेलेरिओत तो आणला. २०१६ मध्ये डिझेल डिझायरला, २०१८ मध्ये रांजणगावला बनणाऱ्या टाटा नेक्सॉनला आणि २०१९ मध्ये नाशिकच्या महिंद्रा एक्सयूव्ही ३०० ला तो मिळाला. गिअर बदलताना गाडी मान डोलावल्यासारखी हिसका देते म्हणून शहरी मंडळी त्याला नावे ठेवतात. परभणीत राहणाऱ्याने मात्र त्याच्याकडे आदराने पाहावे, असे माझे मत आहे. त्यात बिघडते काय, तर क्लच आणि तो दाबणारे उपकरण. क्लच साधा, एकच. तो बदलणे जाणत्या मिस्त्रीच्या आवाक्यातले. नवा क्लच बसवल्यावर संगणक जोडून त्याची ओळख यंत्राला करून द्यावी लागते, एवढीच अडचण. गिअरचे चाकोरे मॅन्युअलचेच असल्याने लाखाच्या दुरुस्तीचे भय येथे कमी.

चौथे यंत्र पट्ट्याचे किंवा साखळीचे, ज्याला सी.व्ही.टी. म्हणतात. डिझेलचा पीळ पट्ट्याला मानवत नाही, त्यामुळे आपल्याकडे ही जोडी दुर्मीळ. एक अपवाद ऑडीचा: शेंद्र्यालाच जोडल्या जाणाऱ्या ए-४ च्या दोन लिटर डिझेल गाडीत पुढच्या चाकांसाठी साखळीचा असा गिअरबॉक्स होता. कंपनीने २०१४ मध्ये तो प्रकारच बंद केला. जुन्या बाजारात ही गाडी आता नव्या छोट्या गाडीच्या भावात मिळते. बोनेटवरच्या चार कड्यांच्या मोहाने तिच्याकडे वळणाऱ्या तरुणांनी दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आजच्या भावाने नव्हे, तर ती नवी असतानाच्या भावाने येतो, हे लक्षात ठेवावे.

यंत्र कोणतेही असो, त्याचा खरा शत्रू उष्णता. तेलाबाबत ढोबळ नियम असा सांगतात, की तापमान १० अंशांनी वाढले की आयुष्य जवळपास निम्मे होते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४४ अंशांवर जातो, म्हणजे गिअरबॉक्सची सुरुवातच तापलेल्या हवेत होते. पण त्याहून मोठी परीक्षा हिवाळ्यात असते, आणि ती उसाची. गाळपाच्या हंगामात गंगाखेड किंवा पाथरीच्या रस्त्याला दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरमागे आपण चार-पाच किलोमीटर बैलगाडीच्या गतीने सरकतो. मॅन्युअल गाडीत अशा वेळी अर्धा क्लच दाबून चालवणाऱ्याला जाणता चालक दटावतो. कोरड्या दुहेरी क्लचचा आणि ए.एम.टी.चा संगणक नेमके तेच करत असतो, आपल्याला न विचारता. क्लच सतत घासत राहतो. उपाय सोपा आहे. ट्रॉलीला चिकटून सरकत राहू नये. ब्रेक लावून उभे राहावे, पुरेसे अंतर पडू द्यावे आणि मग एकदम नीट पुढे जावे. चढावर गाडी अ‍ॅक्सिलरेटरवर तोलून धरू नये, ब्रेकवर धरावी. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीला याचा त्रास कमी, पण तिलाही उन्हाळ्यात तेल थंड करणारा रेडिएटर साफ लागतो. रेडिएटरमध्ये बोअरचे जड पाणी ओतायची आपली सवय येथे नडते. अनेक गाड्यांत गिअरबॉक्सचे तेल याच पाण्याच्या शेजारून थंड होऊन जाते. क्षारांनी मधला पातळ पडदा खाल्ला की पाणी तेलात उतरते, आणि तेलाचा रंग दुधाळ झाला की गिअरबॉक्स गेलाच म्हणून समजावे.

"या गिअरबॉक्सचे तेल आयुष्यभर बदलावे लागत नाही," असे वाक्य काही पुस्तिकांत असते. आयुष्य कोणाचे, हा प्रश्न तेथे विचारावा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवणारी जर्मनीची झेडएफ कंपनी स्वतःच आपल्या गिअरबॉक्सचे तेल ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षे, यांपैकी जे आधी येईल तेव्हा बदलायला सांगते. पहिल्या मालकाच्या काळात तेल टिकते. भोगतो तो दुसरा आणि तिसरा मालक. तो बहुधा आपल्यापैकी असतो.

आणखी एक गोष्ट खेड्यापाड्यांत विशेष घडते. काळ्या मातीत गाडी रुतली वा वाटेत बंद पडली, की ट्रॅक्टर आणून टोचन करायचे आणि आठ-दहा किलोमीटर ओढत न्यायचे. मॅन्युअल गाडीला हे चालून जाते. ऑटोमॅटिकमध्ये तेल फिरवणारा पंप सामान्यतः इंजिनावर चालतो. इंजिन बंद असताना चाके फिरली तर आतले भाग कोरडे घासतात. पुढची चाके ओढणाऱ्या गाडीत तीच चाके गिअरबॉक्सला जोडलेली, म्हणून ती जमिनीवरून उचलूनच गाडी न्यावी, किंवा सरळ सपाट गाडीवर चढवून न्यावी. चिखलात पुढचे एक चाक गरगर फिरत असताना अ‍ॅक्सिलरेटर दाबत राहणेही असेच घातक; डिफरन्शियलमधील छोटी चाके तेव्हा भलत्या वेगाने फिरतात.

वापरलेली गाडी पाहायला जाताना माझ्या विषयाचा थोडा उपयोग होतो. इतिहासात बखर आणि अस्सल पत्र यांत आम्ही फरक करतो. बखर रंजक असते, पण घटनेनंतर पुष्कळ काळाने, कोणाच्या तरी सोयीने लिहिलेली असते. दलालाचे बोलणे बखर आहे. अधिकृत सर्व्हिस केंद्राकडील नोंद, तेल बदलल्याचे तारखेसह बिल आणि त्यावरील किलोमीटरचा आकडा ही अस्सल कागदपत्रे. एकाही कागदावर गिअरबॉक्सच्या तेलाचा उल्लेख नसेल आणि गाडी लाखाच्या पुढे गेलेली असेल, तर त्या तेलाचा आणि संभाव्य दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करावी. दुसरी सावधगिरी उलट दिशेची. बिघडलेल्या गिअरबॉक्सची कथा चार तालुक्यांत फिरते. न बिघडलेल्याची कथा कोणी सांगत नाही. त्यामुळे केवळ ऐकीव तक्रारींवरून एखादा प्रकार पूर्ण मोडीत काढणेही शास्त्रशुद्ध नव्हे.

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. मालकाने आधीच तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. ब्रेक दाबून पुढच्या आणि मागच्या गिअरमध्ये टाकल्यावर गाडीने क्षणभरात प्रतिसाद द्यावा. दोन-तीन सेकंद वाट पाहावी लागली किंवा धाडकन धक्का बसला, तर थांबावे. मग अर्धा तास चालवून, तापवून, गर्दीच्या रस्त्याने पुन्हा तेच करावे, कारण पुष्कळ दोष गरम झाल्यावरच तोंड वर काढतात. चढावर उलटे नेऊन पाहावे. शेवटी शे-पाचशे खर्चून स्कॅनर लावून घ्यावा. नोंदवलेले दोष कालच पुसले असतील, तर तेही पुष्कळ स्कॅनर सांगतात, आणि ती नोंद मालकाच्या तोंडी हमीपेक्षा अधिक बोलकी असते.

नव्या किंवा हमीतील गाडीबाबत कायदा आपल्या बाजूला आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्यात सदोष उत्पादनाच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि तक्रार आपल्या जिल्हा आयोगात, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल करता येते. खासगी मालकाकडून थेट घेतलेल्या जुन्या गाडीला हे संरक्षण सहसा मिळत नाही, हे मात्र ओळखून असावे. आयोगापुढे उभे राहते ते कागद. म्हणून सर्व्हिसला गाडी देताना जॉबकार्डवर "जनरल चेकअप" असे मोघम लिहू देऊ नये. "गाडी तापल्यावर दुसऱ्या गिअरमध्ये हिसका बसतो, अमुक तारखेपासून, अमुक किलोमीटरपासून" असे आपल्या शब्दांत लिहून घ्यावे, सही करण्याआधी वाचावे आणि प्रत घेतल्याशिवाय किल्ली द्यायची नाही.